कोरी नळी

मिर्फाच्या पुढे डांबर संपतं तिथे
डॉ. मौझा गाडी थांबवतात.
टायरमधली हवा कमी करणं माझं काम.
फळ्या अंथरणं माझं काम.
सब्ख्यावर फळीशिवाय पाऊल टाकायचं नाही,
हे पहिल्या दिवशी सांगितलं गेलं
आणि पहिल्याच दिवशी मी विसरलो.

वरून पाहिलं तर काहीच नाही.
मिठाची साय, तडकलेली,
डोळे मिटायला लावणारी.
सुरीने चार बोटं कापून उचललं की
आत थर:
मळका पिवळा, मग शेवाळी,
मग जांभळट, फोडून उन्हात ठेवलेल्या रातांब्यासारखा,
मग काळा, आणि त्याला वास
सडक्या अंड्याचा.
विद्यार्थी नाकाला रुमाल लावतात.
मला शिरोडा आठवतो.

हंगामाआधी आगरात बाबा
चिखलाचा गोळा नाकाशी धरून उभे राहत,
कलिंगड वाजवून बघावं तसे, घाई नसलेले.
"चिखल मेलो तर मीठ काळा पडता," म्हणत
आणि तुडवायला उतरत.
त्यांना सूक्ष्मजीव हा शब्द माहीत नव्हता.
मला माहीत आहे, लॅटिन नावांसकट,
आणि मला नाकाशी धरायची परवानगी नाही.

डॉ. मौझांचं म्हणणं असं, की मंगळावर एके काळी
असंच उथळ पाणी आटत गेलं असेल,
आणि कोणी उरलंच असेल तर
ते मिठाच्या आत, दार लावून.
म्हणून एक यंत्र शिकवायचं आहे:
जिवंत काय, जिवंत होतं ते काय,
आणि नुसतंच रसायन काय.
यंत्र अजून बालवाडीत आहे.
परवा त्याने जिप्समच्या खड्याला
"बहुधा" म्हटलं.

दर दहा नळ्यांमागे एक कोरी.
तिच्यात काही भरायचं नाही.
झाकण उघडायचं, वीस आकडे मोजायचे, बंद करायचं.
हवेतून, हातातून, श्वासातून काय शिरतं
ते तिच्यावरून कळतं.
मी मराठीत मोजतो.
ऑगस्टमध्ये एकदा पंधरावर
घामाचा थेंब हनुवटीवरून सुटला.
मला वाटलं, बाहेर पडला.

तीन आठवड्यांनी स्क्रीनवर सतरा नंबरची रेघ
उभी राहिली, माडासारखी.
कोणीतरी खुर्ची मागे सारली.
रियाम, जी दिवसाला चार वाक्यं बोलते,
दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभी.
इतका ठळक जीव यंत्राला
कधीच दिसला नव्हता.

मग यादी पाहिली.
सतरा: कोरी.

फॉर्म भरला. कारण: तंत्रज्ञाचा घाम.
नावाच्या चौकटीत पेडणेकर मावलं नाही,
शेवटचा र बाहेर राहिला.
नळी टाकायला निघालो तर
डॉ. मौझा म्हणाल्या, राहू दे.
फ्रीझर, उणे ऐंशी, वरचा कप्पा.
मी कारण विचारलं नाही,
त्यांनीही सांगितलं नाही.

रात्री फोनवर बायको: सापडलं का कोण?
सापडलं.
कोण?
मी.
ती हसली नाही. म्हणाली,
जेवलास का?

आज परत आलोय. जानेवारी.
मोठी भरती येऊन गेलीय.
फळीच्या डाव्या बाजूला दीड हातावर
नऊ नंबरचा बूट, टाच खोल,
दोन वर्षांपूर्वीचा.
खड्ड्यात बोटभर पाणी, आणि टाचेच्या कडेला
काहीतरी हिरवं धरायला लागलंय.

डॉक्टर गाडीच्या सावलीत
नळ्यांवर तारीख घालतायत.
नियम मला पाठ आहेत.
गुडघे फळीवर टेकून
मी नाक खाली नेतो.

मेलेलो नाही.